वहिनींना मारलेल्या हाका

सहलीला जायचा माझा स्वभाव नाही. डबे भरा, सतरंज्या उचला, बारा भानगडी करून झाडाखाली बसा आणि घरी जे खाल्लं असतं तेच मुंग्यांसकट खा, यात लोकांना काय सुख मिळतं हे मला आजवर कळलेलं नाही. तरी मार्चमधल्या त्या रविवारी मी गेले, कारण दादांचा फोन आला. "तुम्ही नि डॉक्टर बरोबर असलात तर मी हिला बाहेर काढीन," ते म्हणाले. "एकट्याची हिंमत होत नाही." उभी हयात हवाई दलात काढलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकल्यावर नाही कसं म्हणणार? मी थालीपिठं लावायला घेतली.

दादा आणि वहिनी नात्याने माझे कुणी नव्हेत. विद्यापीठात शिकवायला म्हणून मी कराडहून इथे पंजाबकडे आले तेव्हा सेक्टर २२ मध्ये भाड्याची खोली घेतली होती. खाली समोशांचं दुकान, वर मी, आणि ओळखीचं म्हणावं तर एक माणूस नाही. मराठी मंडळींच्या गणपतीत वहिनींनी मला हेरलं. "जेवतेस कुठं?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली आणि घरी नेलं. त्या सांगलीकडच्या, बोलणं खणखणीत, वाढणं त्याहून खणखणीत. पुढे दादा निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं हे पुण्याला जाणार. वहिनींनी सांगितलं, "इथली थंडी नि इथली भाजी सोडून मी कुठं जात नाही," आणि त्यांनी शहराबाहेर झिरकपूरला फ्लॅट घेतला.

आमच्यातली तिसरी मैत्रीण डॉक्टर. मूळची नागपूरची, इथे लहान मुलांना तपासते. स्वभावाने आम्ही दोघी दोन टोकांच्या. ती हसरी, मी चिडकी. आम्हाला एकत्र ठेवलं ते वहिनींनी, आणि त्याच आता आमच्यातून निघून चालल्या होत्या.

तीनेक वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा भाजी घेऊन दुसऱ्याच इमारतीत शिरल्या. मग गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. सगळ्यात वाईट म्हणजे हिंदी गेली. ती नंतर शिकलेली भाषा, ती आधी पुसली गेली. एके काळी याच बाई मंडईत पंजाबी भाजीवाल्यांशी भावावरून हुज्जत घालायच्या. आता कामवाली "माताजी, चाय पी लो" म्हणाली की त्या गोंधळून दादांकडे बघायच्या. आणि त्यांचा मुलगा हिंदीतच वाढलेला. बदल्यांच्या गावांतल्या शाळा, सगळे मित्र हिंदी बोलणारे. मराठी त्याला सगळी कळते, पण जीभ वळत नाही. तो बंगलोरहून व्हिडिओ कॉल करायचा आणि "मम्मी, कैसे हो आप?" असं विचारायचा. वहिनी फोनकडे बघायच्या आणि हळूच म्हणायच्या, "हा कुठला मुलगा? काय म्हणतोय?" एकदा तो बिचारा "आई, तू जेवली?" असं अडखळत म्हणाला. तेव्हा मी तिथे होते. चाळिशीतला माणूस बालवाडीतल्या पोरासारखा आईशी बोलायला शिकत होता, आणि मला तिथून उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

त्या मुलाने पुण्याजवळ एक जागा बघून ठेवली होती. अशाच माणसांना सांभाळणारी, नीट, स्वच्छ, आणि तिथे सगळ्या जणी मराठी बोलणाऱ्या. दादा ऐकायला तयार नव्हते. ते सरळ म्हणायचे, "मला ओळखते तोवर ती माझ्या घरी राहणार. ज्या दिवशी ओळखणार नाही त्या दिवशी मी स्वतः नेऊन सोडीन." रोज सकाळी चहा देताना ते विचारायचे, "सांग बघू, मी कोण?" वहिनी लाजल्यासारख्या हसायच्या आणि म्हणायच्या, "हे काय विचारणं झालं?" दादा तेवढ्यावर खूश. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "अगं, ते उत्तर नाहीये. उत्तर टाळून राहिल्या त्या." पण दादांना हे सांगायचं कुणी?

त्यात मधल्या काही महिन्यांत नवीनच एक सुरू झालं. दादांनी नावाने हाक मारली तर वहिनी वळून बघेनाशा झाल्या. जवळ जाऊन खांद्याला हात लावला की ठीक, पण पलीकडच्या खोलीतून हाक मारली की ढिम्म. ऐकू कमी येतं असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. डॉक्टरने ओळखीच्या माणसाकडून कान तपासून घेतले. कान चांगले आहेत म्हणाले. आमचा विश्वास बसला नाही. तपासताना सहकार्य करत नसतील असं म्हणून दादांनी यंत्र आणलं, ते वहिनींनी दोनदा काढून फुलदाणीत टाकलं. तेव्हापासून आम्ही सगळेच त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागलो होतो. आठवलं की आता माझी मला लाज वाटते, पण तेव्हा आम्हाला ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

तर आम्ही सारंगपूरच्या त्या मोठ्या बागेत गेलो. शहर जिथे संपतं आणि पलीकडे डोंगर दिसायला लागतात तिथे ही पसरलेली आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं म्हणजे पायांचे तुकडे. इकडे वसंतातच पानं गळतात. वर कांचन गुलाबी फुललेला आणि खाली वाळक्या पानांचा खच, सावरीची जाडजूड लाल फुलं पडून काळी पडलेली. सकाळी स्वेटर लागत होता, अकराच्या सुमाराला ऊन टोचायला लागलं. वहिनींनी निळा स्वेटर काढायला साफ नकार दिला. दादांनी त्यांना गाडीतून उतरवलं, हात धरून आणलं, सतरंजीवर बसवलं, किन्नू, म्हणजे इकडचं संत्रं, सोलून एकेक फोड हातात दिली. त्या खात होत्या, वर फुलांकडे बघत होत्या. चांगल्या दिसत होत्या. दादांचा चेहरासुद्धा जरा सैल झाला होता, आणि मला वाटलं, आलो ते बरं केलं.

जेवणं झाल्यावर डॉक्टर जरा आडवी झाली. आदल्या रात्री तिची ड्यूटी होती. वहिनी शेजारी बसून पडलेली फुलं गोळा करत होत्या. आणि मी, तोंडाला आवर नसलेली बाई, नको तो विषय काढला. मी म्हटलं, "दादा, पुण्याजवळची ती जागा निदान बघून तरी या. तिथे त्यांच्याशी कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलेल."

"मी बोलतो की."

"तुम्ही एकटे. तुम्हाला काही झालं तर? झिरकपूरच्या त्या आठव्या मजल्यावर त्या कुणाला काय सांगणार आहेत?"

दादा उखडले. त्यांचा आवाज कधी चढत नाही, उलट खाली जातो. "तुम्हाला लग्न म्हणजे काय ते माहीत नाही म्हणून बोलताय," ते म्हणाले. मग मीही ऐकवलं. लग्न केलं नाही म्हणजे डोळे फुटलेत असं नाही, तुम्ही रात्र रात्र जागून निम्मे झालात, आणि तुमच्या हट्टापायी त्यांचे हाल होताहेत. आम्ही दोघं वितंडवाद घालत राहिलो, डॉक्टर उठून बसली आणि म्हणाली, "काय भांडून राहिले तुम्ही? वहिनी कुठे आहेत?"

सतरंजीवर फुलांचा छोटा ढीग होता. वहिनी नव्हत्या.

पहिल्यांदा कुणी घाबरलं नाही. इथेच असतील, किती लांब जाणार. दादा एका बाजूला गेले, आम्ही दोघी दुसऱ्या. हाका मारायला सुरुवात केली. दादा नावाने, आम्ही "वहिनी, वहिनी" म्हणून. बाग रविवारची भरलेली. पोरं, चेंडू, परांठ्यांचे डबे, फोटो काढणारी जोडपी. निळा स्वेटर घातलेली म्हातारी बाई पाहिलीत का, असं मी दिसेल त्याला विचारत होते. निळ्या स्वेटरच्या म्हाताऱ्या बायका त्या दिवशी बागेत बऱ्याच होत्या. मी एकीच्या मागे धावत गेले, खांद्यावर हात ठेवला, ती दचकून वळली. भलतीच होती.

पुन्हा सतरंजीपाशी भेटलो तेव्हा दादांचा घसा बसला होता. चौकीदाराला गाठलं. त्याने शिट्टी मारून हाताखालच्या चार पोरांना बोलावलं, फाटकावर सांगितलं की अशी कुणी बाई बाहेर पडली तर थांबवा. "नाम क्या है जी माताजी का?" दादांनी नाव सांगितलं. ती पोरं ते नाव पंजाबी वळणाने ओरडत चारी दिशांना गेली. मुख्य चौकीदार आमच्याशी बोलत होता, पण त्याचे डोळे पुन्हा पुन्हा बागेच्या खालच्या अंगाला असलेल्या तळ्याकडे जात होते. मी ते पाहिलं, दादांनीही पाहिलं. मग दादा तळ्याच्या कडेकडेने चालत निघाले, पाण्यात बघत. त्या माणसाची पाठ मला इतकी म्हातारी कधी दिसली नव्हती. माझ्याच भांडणापायी हे झालं, असं मला वाटत होतं, आणि मी ते डॉक्टरला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "आता ते नको. आता ओरड."

मोठ्याने ओरडा, ऐकू येत नाही त्यांना, असं मीच त्या पोरांना सांगत होते.

सावल्या लांब व्हायला लागल्या तेव्हा डॉक्टरने मुलाला कळवायचं काढलं. दादा म्हणाले, "त्याला नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण तिच्या माणसांपैकी कुणाला तरी सांगायला हवं." त्यांनी सांगलीला फोन लावला, वहिनींच्या थोरल्या भावाला. फोन स्पीकरवर होता आणि तो मी धरला होता. भाऊ ऐंशीच्या घरातले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाक कुठल्या नावानं मारताय?"

दादांनी सांगितलं.

"ते नाव सोडा," भाऊ म्हणाले. "परवा फोनवर मी तेच नाव घेतलं, तर मला म्हणाली, ती बाई इथं नाही, तुम्ही कोण बोलताय? मग मी आमचं नाव घेतलं, तेव्हा बोलली. माहेरच्या नावानं हाक मारून बघा."

 लग्नात वहिनींचं नाव बदललं होतं, त्या काळी सगळ्यांचंच बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं. लोक टाळ्या वाजवायचे, नाव घ्यायला लावायचे, आणि त्या क्षणापासून जुनी मुलगी संपली. हे मला माहीत होतं, प्रत्येक मराठी माणसाला माहीत असतं. माझ्या आईचं बदललं, मावश्यांचं बदललं. तरी एवढ्या महिन्यांत, कान तपासताना, यंत्र आणताना, आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. डॉक्टर असून तिच्या नाही, स्वतःला फार शहाणी समजणारी मी, माझ्याही नाही. वहिनींना सगळं ऐकू येत होतं. आम्ही कुणा दुसऱ्याच बाईला हाका मारत होतो.

"मारा हाक," मी दादांना म्हटलं.

 "ते नाव मी कधी घेतलेलं नाही," ते म्हणाले. "मला आवडलं नव्हतं म्हणूनच बदललं." मग म्हणाले, "त्या नावाच्या मुलीला मी माहीत नाही."

त्यांना काय म्हणायचंय ते आम्हाला कळलं. पण अंधार व्हायला फार वेळ नव्हता आणि तळं समोर होतं. डॉक्टर म्हणाली, "मी मारू का?" दादांनी मानेनेच नको म्हटलं. नवीन कवळी बसवलेला माणूस जसा पहिला घास जपून चावतो, तसं त्यांनी ते नाव उच्चारलं. आधी हळू, मग पूर्ण आवाजात.

"ओ! आले, आले."

आवाज अगदी जवळून आला. बांबूंच्या दाट बेटाच्या पलीकडून. तिथून दुपारपासून आम्ही कितीदा ओरडत गेलो होतो. वळसा घालून गेलो तर एक पंजाबी कुटुंब चटई टाकून बसलं होतं आणि त्यांच्यात वहिनी. हातात कागदी बशी, बशीत अर्धा परांठा. त्या घरची बाई उठून आमच्याकडे आली आणि अपराधी चेहऱ्याने म्हणाली, "हमने पूछा था जी. आवाज़ें आ रही थीं, तो हमने पूछा, आंटी जी, आपको बुला रहे हैं? इन्होंने हाथ हिला दिया, कि नहीं, मुझे नहीं. हमने सोचा इनके घरवाले आते ही होंगे."

मी वहिनींना मिठी मारली. मला रडू आवरेना. त्यांनी मला थोपटलं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या दादांकडे बघत होत्या, आणि तो चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. ताठ, शिष्ट, एखाद्या कॉलेजातल्या मुलीचा. "माझं नाव घेऊन कोण ओरडत होतं?" त्यांनी मला विचारलं. "चारचौघांत परक्या पुरुषानं असं नाव घ्यायचं असतं का? आमच्या अण्णांनी ऐकलं तर तंगडं मोडतील."

दादा पुढे आले होते, हात पुढे केला होता. तो त्यांनी मागे घेतला. "मी कोण, सांग बघू," असं ते विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. ते दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "चुकलं माझं. तुम्हाला शोधत होतो."

"घरी सोडाल का?" वहिनींनी विचारलं.

"सोडतो."

गाडी दादांनीच चालवली. डॉक्टर पुढे बसली, मी आणि वहिनी मागे.  झिरकपूरच्या अलीकडे नेहमीची कोंडी लागली, गाड्या इंच इंच सरकत होत्या, मागचे लोक उगाच हॉर्न वाजवत होते. वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "माणूस भला दिसतो गं. लग्न झालंय का यांचं?"

त्यांना वाटलं त्या हळू बोलल्या.  पुढून दादाच म्हणाले, "झालंय."

"मग बायकोला नाही आणलंत?"

"ती हल्ली बाहेर पडत नाही."

"बरं नसतं का?"

"हो."

वहिनींनी त्यावर जरा विचार केला. "मग मला सोडा नि लगेच घरी जा," त्या म्हणाल्या. "वाट बघत असेल ती."

"जातो," दादा म्हणाले. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टर खालूनच तिच्या घरी गेली. वर पोचल्यावर वहिनी दारातच अडून बसल्या. परक्या पुरुषाबरोबर एका घरात त्या राहणार नव्हत्या. मी राहते बरोबर, असं सांगितल्यावर त्या कशाबशा आत आल्या. दादांनी ताटं घेतली, आमटी गरम केली, आमच्या दोघींचं पान वाढलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले. जेवण झाल्यावर वहिनी मला घेऊन झोपायच्या खोलीत गेल्या आणि दाराला आतून कडी घातली. कडी नीट लागली का ते त्यांनी ओढून पाहिलं. बाहेर दादा सोफ्यावर अंथरूण घालत होते, त्याचा आवाज येत होता.

सकाळी मी चहाला बाहेर आले तेव्हा दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. माझ्यासमोर त्यांनी मुलाला फोन लावला आणि पुण्याजवळच्या त्या जागेचा पत्ता विचारून घेतला. पलीकडून तो घाबरून काहीतरी विचारत होता. दादा म्हणाले, "नाही, तिला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे. फक्त तिथे गेल्यावर तिला कुठल्या नावाने हाक मारायची ते मी त्यांना सांगणार आहे."